मुकादम आणि मॅनेजर

'मॅनेजर' हा शब्द मराठीत आला आणि इथलाच होऊन राहिला. 'व्यवस्थापक' हा त्याचा संस्कृत अवतार मात्र अजून अर्जाच्या मायन्यापलीकडे फारसा जात नाही. पण हे दोन्ही शब्द येण्यापूर्वी आपल्याकडे माणसांकडून काम करवून घेणारी माणसे नव्हती असे थोडेच आहे? नाईक होते, मुकादम होते, कारभारी होते. कारभारी हा शब्द तर इतका घरोब्याचा की, खेड्यातली बाई नवऱ्यालाही कारभारीच म्हणते. मग त्या घरचा कारभार प्रत्यक्षात कोण हाकते हे सगळ्या गावाला ठाऊक असले तरी बिघडत नाही.

हुद्दा एकाकडे आणि कारभार दुसऱ्याकडे, ही गोष्ट घरात आपण हसण्यावारी नेतो. पण हजारो माणसांच्या कारखान्यात असे झाले तर? मुंबईच्या कापडगिरण्यांत तेच झाले, आणि ते पाऊणशे वर्षे चालले. दारावरची पाटी मॅनेजरची, राज्य मुकादमाचे. आज विद्यापीठांतून 'संघटनेतील मानवी वर्तन' या नावाचे एक शास्त्र शिकवले जाते. माणूस एकटा असताना कसा वागतो, टोळीत कसा वागतो, आणि मोठ्या संस्थेच्या चौकटीत बसवल्यावर कसा वागतो, हे तीन प्रश्न त्या शास्त्राच्या मुळाशी आहेत. त्याची पाठ्यपुस्तके बहुधा अमेरिकेतल्या कारखान्यांपासून सुरू होतात. मला वाटते, मराठी माणसाने त्याचा पहिला धडा लालबाग-परळच्या गिरणीच्या दरवाज्यात वाचावा.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला त्यांची गिरणी सुरू झाली. मुंबईतली ही पहिली कापूसगिरणी. शतक संपत आले तेव्हा शहरात सत्तरच्या घरात गिरण्या उभ्या होत्या आणि त्यांत पाऊण लाखाच्या आसपास माणसे राबत होती. भांडवल शेटजींचे, यंत्रे लँकेशायरची, आणि ती यंत्रे चालवणारे पहिले तज्ज्ञही पुष्कळदा लँकेशायरचेच. कामकरी आले ते रत्नागिरीच्या लाल मातीतून आणि सातारा, पुणे, नगरच्या घाटावरून. आता गंमत पाहा: साहेबाला मराठी येत नाही, कामकऱ्याला इंग्रजी येत नाही. शेटजींची पेढी फोर्टात, आणि त्यांचे लक्ष सुताच्या भावावर. साच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाचे नाव काय, गाव कोणते, तो आज का आला नाही, हे विचारायला वरच्या कोणाला वेळ नाही आणि भाषाही नाही. वरचे आणि खालचे यांच्यामध्ये असा एक मोठा रिकामा सांधा राहिला. त्या सांध्यात जो येऊन बसला तो मुकादम, ज्याला गिरणीच्या भाषेत जॉबर म्हणत. मुकादम हा शब्द मुळात अरबी, आणि त्याचा अर्थ 'पुढे ठेवलेला'. साहेबाने त्याला पुढे ठेवले आणि आपण मागे बसला.

मुकादमाची कामे मोजू लागलो तर आजच्या एखाद्या कंपनीची चार-पाच खाती त्यात सहज भरतील. माणूस भरती करणारा तो. गावाकडून नवा पोरगा आला की गाववाल्यांच्या खोलीत त्याला पथारीपुरती जागा मिळायची, आणि मग कोणीतरी त्याला मुकादमापुढे उभा करायचे. त्याला काम शिकवणारा तो. बिघडलेला माग दुरुस्त करणारा तो. रजा देणारा, खाडे धरणारा आणि वेळप्रसंगी काढून टाकणाराही तोच. सकाळी भोंगा झाला की दरवाज्यापाशी बदली कामगार आशेने उभे राहत, आणि आज कोणाचा खाडा पडला आहे व त्या जागी कोणाला आत घ्यायचे हे मुकादमाच्या बोटावर ठरे. तेवढ्यावर हे भागत नव्हते. पगार महिन्याचा, आणि तोही पुढचा महिना बराच उलटल्यावर हाती पडणारा. तोपर्यंत खानावळवालीचे आणि वाण्याचे भागवायचे कशातून? पुष्कळदा मुकादमच उसने देई, किंवा सावकारापाशी जामीन राही. खोली मिळवून देण्यात त्याचा हात, गणपतीच्या वर्गणीत त्याचा पुढाकार आणि दोन भाडेकरू भांडले तर निवाडाही त्याचाच. स्त्रिया ज्या खात्यांत काम करीत तिथे हाच कारभार नायकिणीकडे असे.

हे सारे फुकट होत नव्हते. कामावर घेण्यासाठी दस्तुरी, कामावर ठेवण्यासाठी दस्तुरी, कुठे कुठे दरमहा दस्तुरी. नायकिणीही त्यात मागे नव्हत्या. ज्याच्या हातात भाकरी आहे त्याच्यापुढे हात पसरावा लागतो, आणि त्या हातावर काही ठेवावेही लागते. गिरणगावाने मुकादमाला शिव्या दिल्या त्या उगाच नव्हेत.

पण या चित्राची दुसरी बाजू आहे, आणि मला तीच अधिक बोधप्रद वाटते. मुकादमाची सत्ता वरून दिसते तेवढी भक्कम नव्हती. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मुंबईच्या कामगारवर्गाचा बारकाईने अभ्यास मांडला. मुकादम हा कामगारांवर जितका स्वार होता तितकाच त्यांच्यावर अवलंबूनही होता, हे त्यातून स्पष्ट होते. त्याने फारच पिळले तर माणसे दुसऱ्या मुकादमाकडे जात. माणसे गेली की माग बंद पडत, आणि माग बंद पडले की साहेबाच्या लेखी मुकादमाची किंमत शून्य. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, लोक गावोगाव पळाले, आणि १८९७ च्या आरंभी गिरण्या ओस पडल्या. तेव्हा हे उघड्या डोळ्यांना दिसले. उरलेल्या माणसांची पळवापळवी सुरू झाली, रोजच्या रोज पैसे मोजण्याची पाळी मालकांवर आली. ज्या मुकादमाच्या शब्दाला गावात मान होता त्याच्या मागून माणसे परत आली. ज्याच्या नाही, त्याच्या मागून कोणी आले नाही.

हीच गोष्ट पुढे एका अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या अध्यक्षाने शास्त्राच्या भाषेत मांडली. चेस्टर बर्नार्ड हे त्याचे नाव, आणि त्याचे पुस्तक १९३८ सालचे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, हुकमाचा अधिकार हुकूम देणाऱ्याच्या खुर्चीत नसतो. हुकूम घेणारा जेव्हा तो मानतो तेव्हाच तो अधिकार होतो. वाचक म्हणतील, यात नवे ते काय? नवे काहीच नाही. पण मुंबईच्या गिरणीमालकांना ते कळायला फार मोठी किंमत मोजावी लागली.

ज्या १८५६ साली ताडदेवची गिरणी सुरू झाली, त्याच साली अमेरिकेत फिलाडेल्फियात फ्रेडरिक टेलर जन्मला. पोलादाच्या कारखान्यात हा गृहस्थ कामगारांतून चढत चढत फोरमन झाला आणि हातात घड्याळ घेऊन प्रत्येक हालचाल मोजू लागला. काम करण्याची एकच एक उत्तम रीत असते, ती शास्त्राने शोधावी, विचार मॅनेजरने करावा आणि हात कामगाराने चालवावेत, असा त्याचा सिद्धान्त. त्याचे पुस्तक १९११ साली आले. एकट्या फोरमनकडे इतकी कामे असू नयेत, ती आठ जणांत वाटावीत, असेही त्याने सुचवले होते. १९१६ साली आंरी फायोल या फ्रेंच खाणतज्ज्ञाने नेमके उलटे सांगितले: एका माणसाला साहेब एकच असावा. योजना आखणे, माणसे व साधने जुळवणे, हुकूम देणे, मेळ घालणे आणि तपासणी करणे, ही मॅनेजरची पाच कामे त्याने मोजून दिली, आणि ती आजही विद्यार्थी पाठ करतात. दोघेही बुद्धिमान, दोघेही प्रामाणिक. पण दोघांच्याही आराखड्यात कामगार हा एकेकटा उभा आहे. त्याला गाव नाही, खोली नाही, शेजारच्या मागावरचा भाऊबंद नाही.

हा आराखडा मुंबईत उतरला तो १९२७-२८ च्या सुमारास, 'रॅशनलायझेशन'च्या नावाने. जपानी मालाच्या स्पर्धेने गिरण्या टेकीस आल्या होत्या हे खरे. उपाय असा निघाला की, विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत आणि सूतखात्यात एका माणसाने एका बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्यात. कागदावर हिशेब चोख होता. पण तिसरा माग म्हणजे कोणाचा तरी माग गेला. आणि तो 'कोणी तरी' परका नव्हता, तो गाववाला होता, एका खोलीत पथारी टाकणारा होता. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले. गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा या संपात वाढला. फॉसेट समितीकडे प्रश्न सोपवण्याचे ठरले तेव्हा कुठे भोंगे पुन्हा वाजले. हुकूम वरून सुटला होता, पण तो घेणारे नव्हते. मुकादमांचीही त्रेधा उडाली. मालकाच्या बाजूने उभे राहावे तर माणसे जातात, माणसांच्या बाजूने राहावे तर मुकादमी जाते. संपाच्या काळात गिरण्यागिरण्यांतून कामगारांच्या कमिट्या उभ्या राहिल्या आणि मुकादमाच्या शब्दाला प्रथमच प्रतिस्पर्धी भेटला.

योगायोग असा की, याच वर्षांत शिकागोजवळ हॉथॉर्न येथे टेलिफोनची यंत्रे बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात काही प्रयोग चालले होते. १९२४ साली प्रश्न साधा होता: दिवा मोठा केला तर काम वाढते का? दिवा मोठा केला, काम वाढले. दिवा लहान केला, तरी काम घटेना! मग पाच-सहा मुलींना वेगळ्या खोलीत बसवून विश्रांतीच्या वेळा, अल्पोपाहार, कामाचे तास असे बदल करून पाहिले. हार्वर्डचे एल्टन मेयो या प्रयोगांशी पुढे जोडले गेले, आणि माणूस केवळ पैशासाठी व उजेडासाठी काम करीत नाही, आपली कोणी दखल घेते यानेही तो हुरूप धरतो, असा निष्कर्ष जगभर गाजला. पुढच्या अभ्यासकांनी हे आकडे पुन्हा तपासले तेव्हा तो तितका स्वच्छ निघाला नाही. मधेच दोन मुलींना फार बोलतात म्हणून बदलले होते, आणि पुढे महामंदीत नोकरी जाण्याची भीतीही कामाला वेग देत असणारच.

मला त्या प्रयोगांतला शेवटचा भाग अधिक मोलाचा वाटतो. १९३१-३२ मध्ये चौदा पुरुषांच्या एका तुकडीचे नुसते निरीक्षण केले. जास्त कामाला जास्त पैसे होते, तरीही त्या चौदा जणांनी आपापसांत ठरवून टाकले होते की दिवसाला इतकेच. कोणी त्याहून पुढे गेला तर त्याची टिंगल, दंडावर एक ठोसा. कोणी फार मागे राहिला तर त्यालाही बोल. आणि कोणी साहेबाकडे चुगली केली तर त्याच्यासारखा अधम कोणी नाही. कंपनीच्या कागदावर या कायद्याचा मागमूस नव्हता. पण तोच पाळला जात होता. कागदावरच्या संघटनेच्या पोटात अशी एक न लिहिलेली संघटना असते, हा या शास्त्राचा पहिला मोठा शोध. गिरणगावातल्या कोणत्याही खोलीत तो चहाबरोबर फुकट मिळाला असता.

पण या न लिहिलेल्या संघटनेचे नुसते गोडवे गाऊन चालणार नाही. टोळी आपल्यांना सांभाळते, आणि परक्यांना दार लावते. गिरणीत विणकाम खात्यात मजुरी चांगली मिळे. त्याच खात्यात अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना घेत नसत. कारण दिले जाई ते असे की, धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागतो आणि इतरांना तो विटाळ चालत नाही. हा नियम कोणत्याही मॅनेजरने फळ्यावर लिहिलेला नव्हता. सोबतीचे कामगार तो पाळत, मुकादम तो पाळे, आणि साहेबाचे त्यात काही अडत नव्हते म्हणून तो गप्प राही. १९२८-२९ च्या संपांच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगारपुढाऱ्यांना हाच प्रश्न रोखठोक विचारला. माणसांचा स्वभाव ओळखून त्याप्रमाणे वागणे एवढेच जर मॅनेजरचे काम म्हटले, तर हा अन्याय ओळखूनही चालवून घेणारा मॅनेजर शहाणा ठरेल. म्हणून टोळीचे मन जाणणे पुरत नाही. कोठे टोळीपुढे उभे राहून 'हे चालणार नाही' म्हणायचे, हेही त्याच्या कामात येते. मुंबईच्या साहेबाने पहिलेही केले नाही आणि दुसरेही नाही.

व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही मजूर आयोगाचा अहवाल १९३१ साली आला. आपले ना. म. जोशी या आयोगाचे सदस्य होते. आयोगाने मुकादमाच्या लाचखोरीवर बोट ठेवले आणि माणसे घेण्या-काढण्याचा अधिकार त्याच्याकडून काढून घ्यावा असे सुचवले. त्यासाठी प्रत्येक गिरणीत एक लेबर ऑफिसर नेमावा. तो थेट मुख्य मॅनेजरलाच जबाबदार असावा, सचोटीचा असावा, माणसे ओळखणारा असावा, आणि त्याला भाषा अवगत होत असाव्यात. या शेवटच्या अटीपाशी मी दर वेळी थबकतो. पहिली गिरणी सुरू झाल्याला पंचाहत्तर वर्षे झाली होती, आणि कामगाराशी त्याच्या भाषेत बोलणारा कोणी तरी गिरणीत असावा, हे सांगायला विलायतेहून आयोग यावा लागला!

पुढची पावले झरझर पडली. १९३४ च्या कायद्याने मुंबईत सरकारी लेबर ऑफिसर आला, १९३५ च्या सुमारास बदली कामगारांना ओळखपत्रे देऊन त्यांची नोंद ठेवण्याची पद्धत आली, १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा झाला. यांतून दस्तुरीला आळा बसला, हा लहान लाभ नव्हे. पण मुकादमाचे एक काम कोणत्याच नियमात बसले नाही: पोराला ताप आहे म्हणून खाडा पडला की दारू झाली म्हणून पडला, हे जाणून त्याप्रमाणे बोलणे. लुबाडणूक काढताना ओळखही निघून गेली, आणि ओळखीच्या जागी फॉर्म आला.

दोन्ही गोष्टी साधता येतात हे दाखवणारा एक प्रयोग आपल्या शेजारीच, अहमदाबादेत, १९५३ साली झाला. कॅलिको मिलमध्ये नवे स्वयंचलित माग बसवले होते, आणि उत्पादन काही केल्या वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे आले. त्यांना दिसले ते असे: कामाचे बारा तुकडे पाडून बारा प्रकारच्या माणसांत वाटले होते. विणकराकडे इतके माग, कांड्या भरणाऱ्याकडे तितके, तुटलेले धागे सांधणाऱ्याकडे आणखी तिसऱ्याच हिशेबाने. प्रत्येकाचे काम टेलरच्या घड्याळाप्रमाणे बरोबर, पण कोणाचाच कोणाशी मेळ नाही. राइस यांनी सुचवले की, ठरावीक मागांचा एक संच एका टोळीकडे द्यावा आणि आतली वाटणी त्यांनी आपसांत करावी. कामगारांनी ही कल्पना उचलली आणि सात-सात जणांच्या टोळ्या स्वतःच जमवल्या. सुरुवातीची गडबड सरल्यावर उत्पादन वाढले आणि खराब माल घटला. १९७० च्या सुमारास पुन्हा पाहणी झाली तेव्हा एका खात्यात ही पद्धत टिकून होती. इतर ठिकाणी वरून घाई आणि दडपण वाढले तशी ती विरत गेली होती. म्हणजे टोळी चालायची तर तिच्यावरचा मॅनेजर काही कमी कामाचा ठरत नाही. उलट, वरचा दाब आपल्या अंगावर झेलून टोळीला स्वस्थपणे काम करू देणे हे त्याचे खरे काम.

मग मॅनेजर दिवसभर करतो तरी काय? कॅनडाचे हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच बड्या अधिकाऱ्यांच्या मागे मागे फिरून हेच पाहिले आणि १९७३ साली लिहून ठेवले. फायोलने सांगितलेला, शांतपणे योजना आखणारा पुरुष त्यांना कोठे दिसलाच नाही. दिसली ती सतत मोडणारी कामे, निम्मी तर नऊ मिनिटांच्या आत उरकलेली. बोलणे, ऐकणे, तंटे मिटवणे, बाहेरची बातमी आत आणि आतली बाहेर पोचवणे, कोणाला काय द्यायचे ते ठरवणे. या भूमिकांची त्यांनी दहा नावांची यादी केली. ती वाचताना मला एकसारखा परळच्या दरवाज्यातला मुकादम दिसत राहतो. तो या दहाही भूमिका करीत होता. फक्त त्याला विचारणारा कोणी नव्हता, आणि म्हणूनच तो त्यांचे मोल घेऊ शकत होता.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक मिटत गेल्या. भोंगे थांबले, चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. त्या मनोऱ्यांत बसणारे तरुण हे शास्त्र पदवीला शिकून आलेले असतात. पण मुकादम काही गिरणीबरोबर गेला नाही. मोबाइलवरच्या अदृश्य मुकादमाने बोट दाखवले तरच ज्याला आजची फेरी मिळते, तो घरोघरी डबे पोचवणारा मुलगा दरवाज्यातल्या बदली कामगाराचाच वारस आहे. आणि खराखुरा मुकादम पाहायचा असेल तर बीडकडे पाहावे. तो पावसाळ्यात ऊसतोडीच्या जोडप्याला उचल देतो, त्या उचलीने त्यांना बांधून घेतो, आणि साखर कारखान्याशी करार करतो. कारखान्याच्या मॅनेजरला किती कोयते आले ते ठाऊक असते. कोयत्यामागच्या नवराबायकोची नावे मुकादमाच्या वहीत असतात. सांधा तोच आणि तसाच रिकामा.

आपण हा अंक वाचीत असू त्या दिवसांतच, दिवाळीच्या आगेमागे, भांडीकुंडी आणि लेकरे घेऊन हे ट्रक आणि ट्रॅक्टर कारखान्यांच्या वाटेला लागलेले असतात. त्यांतल्या एखाद्या बाईचे नाव विचारायला ज्या दिवशी कारखान्याचा मॅनेजर स्वतः फडात उतरेल, त्या दिवशी मुकादमाची उचल आपोआप हलकी होऊ लागेल.